कुंकवाखालची रेघ : स्वतःला झाकणाऱ्या कविता कशा वाचाव्यात

‘या कवितेत कवीने आपले खरे रूप कसे लपवले आहे, ते स्पष्ट करा.’ असा प्रश्न आला की बहुतेक उत्तरांत एकच वाक्य सापडतं : कवी वरून हसतो, पण आतून रडतो. मुखवट्यावरच्या कुठल्याही कवितेला हे वाक्य चिकटतं आणि म्हणूनच ते कुठल्याच कवितेच्या कामाचं नाही. जळगाव, धुळे, नंदुरबारकडे कॉलेजात नुकतीच कविता शिकायला लागलेली मुलं-मुली आणि नोकरी-संसार सांभाळून नव्याने वाचायला बसलेली मोठी माणसं, अशा दोघांसाठी हे लिहिते आहे. उदाहरणं शक्यतो आपल्याच भागातली घेतली आहेत. एकदाच लांब, थेट अमेरिकेत जाऊ. त्याला कारण आहे.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. अशी कविता हातात आली की लोक मुखवटा ओढायला धावतात. मागचा चेहरा दिसला की अर्थ सापडला, असं त्यांना वाटतं. पण कवीची सगळी मेहनत झाकण्यावर खर्च झालेली असते : काय झाकलं, कशाने झाकलं, कोणासमोर झाकलं आणि फट कुठे राहू दिली. वाचायचं असतं ते हे.

पहिलं काम : तोंडाने वाचा, अर्थ लिहू नका

कविता दोनदा मोठ्याने वाचा. घरातले हसले तरी चालेल. बहिणाबाई चौधरींना (१८८०–१९५१) लिहिता-वाचता येत नव्हतं. त्यांची गाणी तोंडून निघाली आणि मुलगा सोपानदेव व इतरांनी ती टिपून ठेवली म्हणून आपल्यापर्यंत आली. ‘अरे, घरोटा घरोटा’मध्ये त्या सांगतात, जात्यातून पीठ पडावं तसं ‘तसं तसं माझं गानं, पोटातून येतं व्होटी’. पोटातलं ओठावर येताना काय राहून गेलं, काय बदललं, हे डोळ्यांनी वाचून कळत नाही. कान लागतात.

भुलाबाईच्या खेळात खाऊ ओळखताना मुली डबा आधी हलवून बघतात, आवाज ऐकतात आणि मग नाव घेतात. पहिली दोन वाचनं तेवढ्यासाठीच.

वाचताना हातात पेन्सिल असू द्या. तीन ठिकाणी खूण करा. ‘मी’, ‘माझं’, ‘आम्ही’ जिथे येतं तिथे. कवितेत कोणाला तरी हाक मारली असेल तर तिथे. आणि लपणं, झाकणं, दिसणं, उघडं पडणं अशा अर्थाची क्रियापदं येतील तिथे. गाईडमधला भावार्थ या टप्प्यावर उघडू नका. तो चुकीचा असतो असं नाही, पण एकदा वाचला की तुमचे कान बंद होतात.

‘मी’ म्हणजे कवी, असं धरून बसू नका

बालकवी आपल्या धरणगावचे, जन्म १८९०. त्र्यंबक बापूजी ठोंबरे हे खरं नाव. जळगावला १९०७ साली कविसंमेलन भरलं, तिथे या कोवळ्या मुलाला ‘बालकवी’ म्हटलं गेलं आणि तेच नाव पुढे चिकटलं. ‘आनंदी आनंद गडे, इकडे तिकडे चोहिकडे’ हे त्यांचंच. आणि ‘कोठुनि येते मला कळेना, उदासीनता ही हृदयाला’ हेही त्यांचंच.

नवशिका वाचक या दोन कविता शेजारी ठेवतो आणि लगेच निकाल देतो : आनंद हा मुखवटा, उदासी हा खरा चेहरा. का? दुःख जास्त खोल आणि जास्त खरं, अशी आपली एक समजूत आहे म्हणून. कवितेत त्याला काही आधार नाही. आनंदाच्या कवितेत कुठेही फट दिसत नाही, कुठला शब्द अडखळत नाही. उदासीच्या कवितेत तर कवी काही लपवतच नाही. उलट पुढच्याच ओळींत म्हणतो, ‘काय बोचते तें समजेना, हृदयाच्या अंतर्हृदयाला’. ज्याचं त्यालाच समजत नाही, त्याने ते लपवलं असं कसं म्हणणार? स्वतःला झाकणं वेगळं आणि स्वतःला न उमगणं वेगळं. हा फरक सुरुवातीलाच पक्का करून घ्या. अर्धे घोटाळे इथेच टळतात.

बालकवींची ‘औदुंबर’ ही तिसरीच तऱ्हा. आठ ओळींत झरा, चार घरांचं गाव, शेतमळे, काळ्या डोहाकडे जाणारी पांढरी पायवाट, सगळं आहे. ‘मी’ मात्र एकदाही नाही. पेन्सिलीची पहिली खूण करायला जागाच मिळत नाही. ‘झांकळुनी जळ गोड काळिमा पसरी लाटांवर, पाय टाकुनी जळांत बसला असला औदुंबर’, इथे कविता संपते. झाडाला पाय आहेत, ते बसलं आहे, पाणी झाकोळून टाकतं आहे. आता औदुंबर म्हणजे कवी स्वतः, असं लिहायचा मोह होतो. मोहाला बळी पडायचंच असेल तर निदान ‘वाटतं’ हा शब्द वापरा. माणसाशिवायच्या चित्रात शेवटी एक माणसासारखी बैठक दिसते, इतकं कविता ठामपणे दाखवते. पुढचं तुमचं.

लपवतंय कोण?

हा प्रश्न सगळ्यात जास्त कामाला येतो. आणि उत्तर दर वेळी ‘कवी’ नसतं.

चोखामेळ्यांचा अभंग कीर्तनात ऐकलेला असेल : ‘ऊस डोंगा परी रस नोहे डोंगा, काय भुललासी वरलिया रंगा’. या अभंगावर ‘खरे रूप लपवले आहे’ असं लिहिलंत तर अर्थ चक्क उलटा होतो. उसाने काहीच लपवलेलं नाही. तो वाकडा आहे, समोर उभा आहे आणि रस त्याच्या आतच आहे. दोष बघणाऱ्याचा. ‘भुललासी’ हे क्रियापद त्याच्यावर रोखलेलं आहे. ज्या माणसाला देवळाच्या बाहेर ठेवलं, तो पाहणाऱ्यालाच विचारतो आहे की तू कशाला भुललास. इथे झाकण आहे ते दुसऱ्याच्या डोळ्यावर.

दुसरं उदाहरण मुक्ताईचं. मुक्ताईनगरच्या पंचक्रोशीत हा प्रसंग लहान पोरालाही माहीत असतो. लोकांच्या बोलण्याने दुखावलेले ज्ञानेश्वर ताटी लावून आत बसले आणि धाकट्या बहिणीने बाहेरून विनवणी केली. ताटीचे अभंग मुक्ताबाईंच्या नावावर आहेत. ‘विश्व रागे झाले वन्ही, संते सुखे व्हावे पाणी’ आणि शेवटी ‘ताटी उघडा ज्ञानेश्वरा’. नीट पाहा, आत बसलेला माणूस एक शब्द बोलत नाही. त्याचं काय झालं हे बाहेरचीच्या बोलण्यातून कळतं : जग आग झालं, शब्द शस्त्रं झाले. आणि ती ‘काय झालं?’ असं विचारतही नाही. तिला ठाऊक आहे. लपलेल्याची कविता लपलेल्याने लिहिलेली असलीच पाहिजे असं नाही, हे इथून शिकायचं. अशी कविता भेटली की आतला चेहरा शोधण्याआधी बाहेर कोण उभं आहे आणि ते कुठल्या नात्याने बोलतंय, ते बघा. आई, बहीण, गुरू, पोलीस, प्रत्येकाची ‘दार उघड’ वेगळी.

तिसऱ्या प्रकारात लपवायला भाग पाडलेलं असतं. त्याच्याकडे चरित्राच्या मुद्द्यात येते.

एक कविता सावकाश

आता बहिणाबाईंच्या चार ओळी घेऊन बसू. घाई करू नका.

लपे करमाची रेखा
माझ्या कुंकवाच्या खाली
पुशीसनी गेलं कुंकू
रेखा उघडी पडली

वरवर अर्थ सोपा आहे. नवरा गेला, कुंकू पुसलं, नशीब उघडं पडलं. बहिणाबाईंना तिशीतच वैधव्य आलं, हे माहीत असलं की वाचक डोळे पुसतो आणि पान उलटतो. पण थांबा.

झाकण कशाचं आहे? कुंकवाचं. आता कुंकू ही काय लपवायची वस्तू आहे? ते तर मुद्दाम दिसावं म्हणून लावतात. बाईच्या अंगावरची सगळ्यात उघडी, सगळ्या गावाला दिसणारी खूण. बहिणाबाई म्हणतात, त्या खुणेखालीच काहीतरी दडलं होतं. म्हणजे ज्याला लोक बाईचं खरं रूप म्हणत होते, तोच पडदा होता. आणि मोकळं कपाळ, ज्याला लोक उणं म्हणतात, तिथे खरी रेघ दिसली. चार ओळींत सगळा हिशेब उलटा केला आहे, आवाज न चढवता.

मग क्रियापदं. ‘लपे’चा कर्ता कोण? रेखा. ती स्वतः लपते. बाईने लपवली असं कुठे म्हटलेलं नाही. ‘पुशीसनी गेलं कुंकू’, पुसलं कोणी? कोणीच नाही. कुंकू आपलं आपणच पुसून निघून गेलं. प्रत्यक्षात कुंकू पुसणारे हात असतात. ते कोणाचे, हे खेड्यात राहिलेल्या कुठल्याही बाईला विचारा. ते हात या कवितेत नाहीत. मला विचाराल तर या कवितेतली सगळ्यात मोठी झाकलेली गोष्ट तीच आहे. नशिबाची रेघ उघडी पडली म्हणता म्हणता माणसांचे हात झाकले गेले. हे त्यांनी जाणून केलं की बोलण्याच्या ओघात झालं, यावर मी पैज लावणार नाही. ओळींत ते आहे, एवढं दाखवता येतं आणि वाचकाला तेवढं पुरतं.

आता हाक कोणाला आहे ते बघा. कविता पुढे देवाशी बोलते आणि शेवटाकडे ज्योतिषाकडे वळते :

नको नको रे जोतिषा
नको हात माझा पाहू
माझं दैव मले कये
माझ्या दारी नको येऊ

सुरुवातीला रेघ उघडी पडली म्हणून सांगणारी बाई शेवटी हात मागे घेते. रेघ आहे, ती दिसतेही आहे, पण ती वाचायचा हक्क तुला नाही. माझं मला कळतं. कवितेच्या या दोन टोकांमध्ये रेघ झाकलेली होती, मग उघडी पडली, मग बाईने स्वतःहून दार लावलं. पहिलं झाकणं तिचं नव्हतं. शेवटचं तिचं आहे. ‘आतून दुःखी’ म्हणून मोकळ्या होणाऱ्या उत्तरात हे काहीच येत नाही.

आणि कवितेचा अर्थ लावायला निघालेले आपण त्या ज्योतिषाच्याच जातकुळीचे, हेही लक्षात असू द्या. हात पाहू नको म्हणणाऱ्या बाईची कविता आपण भिंग लावून वाचतो आहोत. म्हणून अर्थ सांगताना जरा अदबीने.

प्रतीकांची यादी करू नका

‘कैरी म्हणजे मुलगी, झोका म्हणजे संसार, पाणी म्हणजे अश्रू.’ अशी फळ्यावरची जोड्या लावा पद्धत मला अजिबात आवडत नाही. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी आलेल्या मुली झोक्यावर म्हणतात :

आथानी कैरी, तथानी कैरी, कैरी झोका खाय वो
कैरी तुटनी, खडक फुटना, झुयझुय पानी व्हाय वो

गावागणिक शब्द थोडे इकडे-तिकडे होतात. यात मुलीचं नाव नाही, सासर नाही, तक्रार नाही. पण कैरी तुटते, तिच्या पडण्याने खडक फुटतो आणि पाणी वाहू लागतं. एका कैरीने खडक कसा फुटेल? हा बेहिशेबीपणा म्हणजे फट. खेळगाण्यात मावणार नाही इतकं वजन त्या एका पडण्यावर ठेवलं आहे. म्हणून तिथे थांबायचं. मात्र ‘आथानी’, ‘तथानी’, ‘झुयझुय’ हे म्हणताना जी मजा येते तीही खरीच. झोक्यावरच्या सगळ्याच मुली आतून रडत नसतात. काहींना नुसता झोका उंच न्यायचा असतो. गाणं दोघींनाही पुरतं, आणि भर अंगणात, सगळ्यांच्या देखत, ज्या मुलीला काही बोलायचं असेल तिला बोलू देतं. कोणी विचारलंच तर : कैरीचं गाणं आहे, दुसरं काय!

फट शोधायची सोपी युक्ती हीच. जिथे प्रमाण बिघडतं, जिथे साध्या गोष्टीला फार मोठा परिणाम किंवा मोठ्या गोष्टीला फार छोटा शब्द मिळतो, तिथे बोट ठेवा.

चरित्र कधी आणायचं?

बालकवी १९१८ साली, अठ्ठाविशी गाठायच्या आत, भादली स्टेशनवर रेल्वेखाली गेले. ही गोष्ट कळली की लोक त्यांची प्रत्येक ओळ त्या रुळांकडे ओढत नेतात. काळा डोह आला की मृत्यू, संध्याकाळ आली की मृत्यू. कविता आधी लिहिली गेली, मरण नंतर आलं, हे विसरलं जातं.

मग चरित्र आणायचंच नाही का? इथे अमेरिकेत जाऊ. पॉल लॉरेन्स डनबार हा कृष्णवर्णीय कवी १८७२ साली ओहायोतल्या डेटनला जन्मला. आईवडील दोघंही आधी गुलामगिरीत होते. त्याची ‘आम्ही मुखवटा घालतो’ अशा धृपदाची पंधरा ओळींची कविता १८९५ च्या त्याच्या संग्रहात आली. त्यात ‘मी’ नाही, सगळीकडे ‘आम्ही’ आहे. काळा-गोरा हा शब्दही नाही. जगाने आमचे अश्रू आणि उसासे का मोजावेत, त्याला मुखवटाच दिसू दे, असं तो म्हणतो. मग जगाकडे पाठ करून ख्रिस्ताला हाक मारतो. त्या हाकेत मुखवटा नाही. शेवटी पुन्हा जगाकडे वळून धृपद.

इथे ‘आम्ही’ म्हणजे कोण, हे कविताच विचारायला लावते. त्या जागी इतिहास आणल्याशिवाय वाचन पुढे सरकत नाही. गुलामगिरी कायद्याने संपल्यानंतरही चेहऱ्यावरचं हसू ही जीव वाचवायची गोष्ट होती. म्हणून तिथे चरित्र आणा. बालकवी म्हणतात ‘मला कळेना’. तिथे तुम्ही रेल्वेचं वेळापत्रक घेऊन ‘मला कळलं’ म्हणू नका. कवितेने जागा सोडली असेल तिथेच बाहेरची माहिती बसवायची.

डनबारचं आणखी एक सांगण्यासारखं. तो बोलीतही लिहायचा आणि प्रमाण इंग्रजीतही. समीक्षकांनी बोलीतल्या कवितांना उचलून धरलं, आणि लोकांना त्याच्याकडून तेवढंच हवं असायचं. याचा त्याला त्रास होई. मुखवट्याची कविता प्रमाण इंग्रजीत आहे. घरी ‘मी करस’ म्हणणारा आणि कॉलेजच्या फाटकात शिरताच ‘मी करतो’ म्हणणारा आपल्याकडचा मुलगा हे पटकन समजेल. बहिणाबाईंची लेवा गणबोली आपण ‘गोड’ म्हणून मिरवतो तेव्हाही थोडं सांभाळावं. गोडव्याच्या कौतुकात त्या जोतिषाला दारातून घालवणारी बाई ऐकू येत नाही.

लिहायला बसल्यावर

‘कवीला येथे असे म्हणायचे आहे की’ हा शब्दप्रयोग महिनाभर बंद ठेवा. त्याऐवजी ‘या ओळीत’ असं सुरू करा. ‘कवयित्रीने आपले दुःख कुंकवामागे लपवले आहे’ हे कच्चं वाक्य. ‘या ओळीत कुंकू हे झाकण आहे, पण झाकणारी बाई नाही, रेखा स्वतः लपते, आणि कुंकू पुसणारा कोणी दाखवलेला नाही’ हे पक्कं. दुसऱ्या वाक्याला कोणी हरकत घेतली तर ओळीवर बोट ठेवता येतं.

उत्तराचा क्रम साधा ठेवा : झाकलेलं काय, झाकण कशाचं, झाकणारा कोण, समोर कोण, फट कुठे. प्रत्येक कवितेत पाचही सापडतीलच असं नाही. ‘औदुंबर’मध्ये समोर कोणीच नाही. तसं सरळ लिहा, गुण कापले जायचे नाहीत. कापले तरी लिहा.

शक्य असेल तर दोघा-तिघांत वाचा. जळगावचं व. वा. वाचनालय, धुळ्याचं गरुड वाचनालय, अमळनेरचं साने गुरुजींच्या नावाचं ग्रंथालय अशा ठिकाणी जुने कवितासंग्रह मिळतात. बहिणाबाईंची गाणी १९५२ साली पुस्तकरूपात आली, त्यानंतर त्या पुस्तकाच्या कितीतरी आवृत्त्या निघाल्या. दोन आवृत्त्या समोर ठेवून ओळी ताडून बघा, कारण गाणी मुळात तोंडची आहेत आणि एखादं अक्षर फिरलेलं असू शकतं. एकाने मोठ्याने वाचावं, बाकीच्यांनी कागद न बघता ऐकावं आणि फट कुठे वाटली ती ओळ प्रत्येकाने गुपचूप चिठ्ठीवर लिहावी. चिठ्ठ्या जुळल्या नाहीत तर भांडण मिटवायची घाई करू नका. दोन्ही ओळी पुन्हा वाचा, आणि ज्याला आपल्या फटीसाठी कवितेबाहेरचं काही सांगावं लागतंय, त्याने आधी थांबावं.